नमुना क्रमांक ४१७

१४ जून

प्रिय भिंगरी,

काल फोन ठेवल्यावर तुझी वहिनी म्हणाली, "तुम्ही भावंडं फोनवर बोलता की हजेरी देता? बरी आहेस? बरी आहे. ठेवू? ठेव. त्यापेक्षा पत्र लिहा, निदान कागद तरी भरावा लागतो." म्हणून हा कागद.

तिच्या औषधाचा पहिला फेरा पार पडला. रक्ताचा कॅन्सर म्हटल्यावर मला वाटलं होतं, माणूस अंथरुणाला खिळतो. ही बाई तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या शिक्षिकेशी पैजा लावत होती, की आज कुठल्या नर्सच्या चपला वाजणार. डॉक्टरांनी तिच्या गळ्याखाली एक बारीक नळी बसवलीय. दरवेळी शीर शोधत टोचायला नको, औषध थेट आत. तिचं त्यावर म्हणणं असं, "आता मला नळच बसवलाय, कुठूनही भरा." केस गेले. आरशात बघून म्हणाली, "डोकं चांगलं गोल आहे की माझं, उगाच इतकी वर्षं झाकून ठेवलं."

ती हसते तेव्हा मी पण हसतो. मग जिन्यात जाऊन उभा राहतो थोडा वेळ.

बेकरी चालू आहे. गल्ल्यावर ती नाही म्हणून गिऱ्हाइकं दोन मिनिटांत निघून जातात, पूर्वी वीस मिनिटं रेंगाळायची. सकाळचे पाव भट्टीतून उतरवले की अंगावरचं पीठ झटकतो आणि थेट हॉस्पिटल गाठतो. इथला फिनेलचा वास तिच्या डोक्यात जातो. म्हणते, "तुमच्या हाताला पावाचा वास आहे, तो जरा इकडे द्या." मग हात धरून बसतो.

तुझ्या प्रयोगशाळेत यीस्टवर काम चालतं हे मी त्या शेजारच्या शिक्षिकेला अभिमानाने सांगितलं. तिने विचारलं, "म्हणजे तुमचंच यीस्ट?" म्हटलं, बहिणीला विचारून सांगतो. आता तूच सांग.

तुझा,
दादा

ता. क. भिंगरे, मी वहिनी. यांचं सगळं खरं धरू नकोस, जिन्यात उभे राहतात ते बिडी ओढायला. तुझं ते मोठं व्याख्यान कधी आहे? कायमची नोकरी त्यावर ठरणार ना? जेवत जा. तू अभ्यासाला बसलीस की जेवण विसरतेस, हे मला तुझ्या दहावीपासून ठाऊक आहे.


२८ जून

प्रिय दादा आणि वहिनी,

त्या शिक्षिकाबाईंना सांगा, यीस्ट हे काही एका जातीचं नाव नाही. 'पक्षी' म्हणावं तसं आहे ते. चिमणीही पक्षी आणि घारही पक्षीच. दादाचं यीस्ट चिमणी. साखर खाते, पीठ फुगवते, भट्टीत गेली की संपली. माझ्याकडची घार.

गंमत म्हणजे ही घार आपल्या सगळ्यांच्या घरी असते. तोंडात, आतड्यात, कातडीवर. माझ्या, तुझ्या, आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमच्यासुद्धा. वर्षानुवर्षं गरीब गाईसारखी पडून असते, कारण आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी पहारा देत असतात. पहारा उठला की ती रंग दाखवते.

कसे रंग, तेच शोधणं माझं काम. तिच्याकडे कुठली कुठली हत्यारं आहेत ते बघायचं. पहिलं म्हणजे चिकटणं. प्लॅस्टिकला तर अशी चिकटते की त्यावर आपला थरच बांधते, शेवाळासारखा, आणि त्या थरात औषध शिरत नाही. दुसरं, रूप बदलणं. एरवी गोल दाणा असते, पण संधी मिळाली की त्या दाण्याला शेपूट फुटतं, शेपटाचा लांब धागा होतो आणि तो धागा सुईसारखा आपल्या पेशींत घुसतो. तिसरं, असे रस सोडणं की समोरच्या पेशीची भिंतच विरघळते. ते बघायला आम्ही अंड्याचा पिवळा बलक घालून यीस्ट वाढवायच्या थाळ्या भरतो. यीस्टच्या ठिपक्याभोवती पांढरं कडं उमटलं की समजायचं, हिच्याकडे ते हत्यार आहे. कडं जितकं रुंद, तितकी ती वाईट.

दादा, बाबा गेले तेव्हा मी सातवीत होते आणि तू शाळा सोडून भट्टीसमोर उभा राहिलास. त्या भट्टीसमोर बसूनच मी पहिल्यांदा विचारलं होतं, पीठ फुगतं कसं. तू म्हणाला होतास, "आत कुणीतरी श्वास घेतंय." त्या एका वाक्यावर माझं पोट चाललंय.

व्याख्यान आठ ऑगस्टला, शनिवारी. वहिनी, जेवतेय. आणि बिडीचं मी ऐकलंच नाही असं समजते.

तुमची,
भिंगरी


४ ऑगस्ट

लाडके भिंगरे,

आज मी लिहितेय, कारण यांना सुचत नाही आणि मला वेळच वेळ आहे. अक्षर वाकडं आलंय, पडल्या पडल्या लिहिते म्हणून. दुसरा फेरा जरा दमवतोय इतकंच. बाकी सगळं ठीक.

शनिवारी मोठ्याने बोल. तू घाबरलीस की आवाज नाकात जातो. शेवटच्या रांगेत कुणी डुलक्या घेतल्या तर खडू मार, मी परवानगी देते. तू दहावीला बसलीस तेव्हा मी नवी नवरी होते, आणि तुझ्या परीक्षेच्या हॉलबाहेर तीन तास उन्हात उभी राहिले होते. सासरी आल्यावर पहिलं काम काय केलं विचारलं कुणी, तर मी हेच सांगते. या वेळेला येता येत नाही. पण उभी आहे असं समज.

झालं की पहिलं पत्र मला. यांना नंतर.

तुझी वहिनी


९ ऑगस्ट, रविवार

प्रिय वहिनी (आणि मग दादा),

जिंकलं! मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं, जागा माझी. आवाज नाकात गेला नाही. खडू मारायची वेळ आली नाही, कारण शेवटच्या रांगेत कुणी झोपलंच नाही. ते का, ते सांगते.

शुक्रवारी दुपारी एका हॉस्पिटलातून नवीन नमुना आला. आमच्याकडे पाच-सहा शहरांतून येतात. नाव-गाव आम्हाला कळत नाही, फक्त क्रमांक, वय आणि नमुना कशाचा. हा क्रमांक ४१७. त्रेचाळीस वर्षांची कुणी बाई, रक्तातलं यीस्ट. माझं व्याख्यान डोक्यावर होतं, पण थाळीतला ठिपका इतका वेगळा, सुरकुतलेला दिसला की राहवलं नाही. चिमूटभर उचललं आणि सीरममध्ये, म्हणजे रक्तातून गाळलेल्या पिवळसर पाण्यात टाकलं. दाण्यांना शेपटं फुटायला एरवी दोन-तीन तास लागतात. हिला तासाभरात! आणि कशी, तर सगळ्या दाण्यांना एकदम, जणू कुणी शिट्टी वाजवली. आठ वर्षांत मी असं देखणं यीस्ट पाहिलं नव्हतं. फोटो काढला आणि तोच व्याख्यानाच्या शेवटी पडद्यावर लावला. हॉलमध्ये 'हा!' असा आवाज झाला. मॅडम म्हणाल्या, "याला म्हणतात हत्यारबंद." टाळ्या पडल्या, वहिनी. तुझ्या भिंगरीसाठी टाळ्या पडल्या.

आज दिवसभर झोपले. उद्यापासून पुन्हा काम. दुसरा फेरा संपला की कळवा, मी रजा काढून येते. आता कायमची नोकरी आहे, रजा मागायला लाज वाटणार नाही.

तुझीच,
भिंगरी


२० नोव्हेंबर

प्रिय भिंगरी,

वहिनी जाऊन तीन महिने झाले. तू आलीस, तेरा दिवस राहिलीस, मला बोलतं करायचा प्रयत्न केलास. मी बोललो नाही. तू परत गेल्यावर बेकरी बंद केली. तुला वाटलं दुःखाने. शेजाऱ्यांनाही तेच वाटतं. ते तसं नाही. आता कुणाला तरी सांगितलं नाही तर मी टिकणार नाही, म्हणून लिहितो.

ताप तुझ्या व्याख्यानाच्या आधीच आला होता. ऑगस्टच्या एक तारखेपासूनच. तुला कळवलं नाही, कारण तिनेच बजावलं होतं, "तिचं व्याख्यान होऊ द्या, मग सांगा. आत्ता सांगाल तर ती गाडीत बसेल." तिने तुला पत्र लिहिलं तेव्हा अंगात एकशेतीन ताप होता. कागदाखाली उशी मी धरली होती.

सहा तारखेला एक तरुण डॉक्टर आला. म्हणाला, "रक्तात यीस्ट सापडलंय." मी विचारलं, "कुठून आलं?" त्याने विचारलं, "तुम्ही काय काम करता?" मी म्हणालो, "बेकरी आहे." तो म्हणाला, "हं." एवढंच. कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, "यापुढे पेशंटला हात लावताना नीट धुऊन लावा."

भिंगरे, ते 'हं' माझ्या कानातून जात नाही.

मी रोज त्या हाताने तिचा हात धरला. नखांत पीठ असायचं. ती तो हात गालाला लावायची, नाकाशी धरायची. नळी तिथून चार बोटांवर. तुझं चिमणी आणि घारीचं पत्र मी शंभरदा वाचलं. पण ती घार माझ्याच पिठातून उडाली नसेल कशावरून? पंचवीस वर्षं यीस्ट कालवतोय. माझ्या अंगाला ते नसेल तर कुणाच्या अंगाला असेल?

शेवटच्या दिवशी ती मला म्हणाली, "हात द्या." मी दिला नाही. म्हणालो, डॉक्टर नको म्हणतात. तिने डोळे मिटले. बुधवारी सकाळी गेली.

भट्टी बंद आहे ती म्हणून. तुला हे माहीत असावं. उत्तराची घाई नाही.

दादा


४ डिसेंबर

दादा,

दोन आठवडे लागले, कारण मला खात्री करून लिहायचं होतं. आधी उत्तर सांगते, मग बाकीचं. ते तुझ्याकडून आलं नाही. तुझ्या पिठातून नाही, नखांतून नाही, हातातून नाही.

मला हे नक्की कसं माहीत? वहिनीच्या रक्तातला नमुना आमच्याच प्रयोगशाळेत आला होता. तुझं पत्र वाचल्यावर तारीख आणि वय जुळवलं, आणि ज्या कपाटातली नावांची यादी आम्ही बघायची नसते ती मी बघितली. नियम मोडला. मॅडमना सांगून मोडला. त्या आधी 'नाही' म्हणाल्या, मग किल्ली टेबलावर ठेवून चहा प्यायला गेल्या.

तू वापरतोस ते यीस्ट हे नव्हेच. खोटा दिलासा नको म्हणून हेही सांगते, फार अशक्त माणसाच्या रक्तात पावाचं यीस्ट शिरल्याची उदाहरणं आहेत, पण अगदी क्वचित. वहिनीच्या रक्तात ते नव्हतं. तिथे होती ती घारच.

आणि ती आली कुठून, तर हे ऐक. जूनमध्ये भरती होताना त्यांनी तिच्या तोंडातून कापसाचा बोळा फिरवून घेतला होता. सगळ्यांचाच घेतात. तो नमुनाही तिथे ठेवलेला होता. मी मागवून घेतला आणि दोन्हींचे ठसे जुळवले, बोटांचे जुळवतात तसे. एकच. म्हणजे ती पहिल्यापासून वहिनीच्याच अंगात होती. कदाचित तिच्या लहानपणापासून. औषधाने पांढऱ्या पेशी गेल्या, पहारा उठला आणि ती रक्तात उतरली, नळीला चिकटून बसली. तू हात धरला असतास किंवा नसतास, काही फरक पडला नसता.

त्या तरुण डॉक्टरने हात धुवायला सांगितलं ते बरोबर होतं, ते सगळ्यांनाच सांगतात. पण त्याचं 'हं' म्हणजे फक्त 'हं' होतं. मी हॉस्पिटलांत रोज ऐकते. पुढे काय बोलावं ते सुचलं नाही की ते तसं म्हणतात.

दादा, तू तिला वास दिलास. तिला दुसरं काही गोड लागत नव्हतं त्या दिवसांत.

तुझी,
भिंगरी


१२ डिसेंबर

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र पोस्टमनने दारात दिलं ते दारातच वाचलं. मग आत येऊन हात धुतले, का ते विचारू नकोस. मग पुसून बघत बसलो. कितीतरी दिवसांनी ते मला माझे हात वाटले.

त्याच दिवशी भट्टी पेटवली. विटा इतक्या गार पडल्या होत्या की दोन दिवस नुसती तापवावी लागली. काल पहिली खेप टाकली ती करपली. दुसरी बरी निघाली. समोरचे शिंपीकाका दार उघडायच्या आधीच पायरीवर उभे. म्हणाले, "चार महिने दगड खातोय मी दुसरीकडचे." गल्ल्याकडे बघितलं आणि पैसे तिथे न ठेवता माझ्या हातात दिले.

हात दिला नाही, ते राहीलच. त्यावर तुझ्याकडे औषध नाही, मला माहीत आहे. पण मी तिला मारलं नाही, हे कळणं किती मोठं आहे ते तुला सांगता येत नाही. बाबांनंतर मी तुला वाढवलं असं लोक म्हणतात. ते वाढवणं या एका पत्राने फिटलं. तू होतीस म्हणून मी सुटलो. तुझे उपकार आहेत, भिंगरे. भावाने बहिणीला असं लिहू नये, पण आहेत.

सुट्टीत ये. तुझी खोली झाडून ठेवतो.

तुझा,
दादा


२१ डिसेंबर

दादा,

मी सुट्टीत येऊ शकत नाही. हे वाचून तूच नको म्हणशील. तू 'उपकार' हा शब्द लिहिला नसतास तर कदाचित मी जन्मभर गप्प राहिले असते. तो शब्द घेऊन मी चार दिवस फिरतेय. जेवण जात नाही.

वहिनीचा नमुना म्हणजे क्रमांक ४१७.

माझं नऊ ऑगस्टचं पत्र तुझ्याकडे असेल. ते परत वाच, किंवा वाचू नकोस. ज्याचा फोटो मी पडद्यावर लावला, ज्याला देखणं म्हटलं, ज्याच्यावर टाळ्या घेतल्या, ते तिच्या रक्तातलं होतं. 'त्रेचाळीस वर्षांची कुणी बाई.' मी वय वाचलं होतं, दादा. वहिनीचंच वय. मनाला शिवलंसुद्धा नाही.

पण हेही सांगायचं मुख्य नाही. मुख्य गोष्ट अशी की तो नमुना आमच्याकडे फोटो काढायला आला नव्हता. कुठल्या औषधाने ही मरते आणि कुठल्याने मरत नाही, ते बघून कळवा, म्हणून आला होता. ते काम माझं. नमुना शुक्रवारी दुपारी आला. चाचणी त्याच संध्याकाळी लावली असती तर शनिवारी निकाल दिसला असता आणि त्याच दिवशी फोन करता आला असता. मी लावली नाही. शनिवारी व्याख्यान होतं. म्हटलं, सोमवारी लावू. सीरममध्ये टाकून फोटो काढायला मला वेळ होता. चाचणी लावायला नव्हता.

सोमवारी लावली. मंगळवारी निकाल दिसला. जे औषध तिला चालू असल्याची नोंद होती ते त्या यीस्टवर चालत नव्हतं. अहवाल बुधवारी दुपारी गेला. वहिनी बुधवारी सकाळी गेली.

तीन दिवसांनी फरक पडला असता का? मला माहीत नाही. हे मी अंग काढून घ्यायला म्हणत नाही, खरंच माहीत नाही. तू तापाचं कळवलं असतंस तर मी धावत जाऊन नमुना शोधला असता, असं एकदा मनात आलं आणि माझीच मला शिसारी आली. नमुना कुणाचा आहे त्यावर चाचणी कधी लावायची ते ठरत असेल, तर मी या कामाच्या लायकीची नाही.

आणखी एक. तेरा दिवस तुझ्याकडे राहून परत आल्यावर, सप्टेंबरात, मन रमावं म्हणून मी त्याच ४१७ वर काम केलं. मेणकिड्याच्या दहा अळ्यांना ते टोचलं. ही किती घातक आहे ते तसंच मोजतात. चोवीस तासांत नऊ अळ्या काळ्या पडून मेल्या. मी वहीत लिहिलं, 'उत्तम निकाल.' माझ्या हाताने.

ते यीस्ट अजून आमच्या फ्रीझरमध्ये एका नळीत आहे. जिवंत आहे. त्याचं काय करायचं ते तू सांग. जाळ म्हणालास तर मॅडमना विचारणारसुद्धा नाही.

मॅडमना मी सगळं लिहून दिलं. त्यांनी ताकीद दिली, नोकरी ठेवली. त्यांनी काढून टाकलं असतं तर बरं झालं असतं.

भिंगरी


२ जानेवारी

पत्र मिळालं. येऊ नकोस.

दादा


१ मार्च

दादा,

उत्तर मागत नाही. एवढंच कळवायचं होतं की आता शुक्रवारी आलेला नमुना शुक्रवारीच लागतो. शनिवार-रविवारी कुणीतरी यायचं असं मी ठरवून घेतलं, आणि ते कुणीतरी बहुतेक मीच असते. यामुळे काही भरून निघतं असं मी समजत नाही.

तू जेवतोस ना?

भिंगरी


२४ एप्रिल

भिंगरी,

हे पत्र मी कितीदा सुरू केलं आणि फाडलं. आज शिंपीकाकांना खेप सांभाळायला बसवलंय आणि मागच्या खोलीत दार लावून लिहितोय. पुरं केल्याशिवाय उठणार नाही.

तुझं डिसेंबरचं पत्र आलं त्या दिवशी तू समोर असतीस तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. तुझ्यावर आयुष्यात हात उगारला नाही, पण त्या दिवशी तुझा फोटो भिंतीवरून काढून पालथा ठेवला. तिने उन्हात तीन तास काढले आणि तू तिच्यासाठी एक संध्याकाळ काढली नाहीस, हेच डोक्यात घणाघण वाजत होतं. ती तुझी वहिनी होती म्हणून नव्हे. कुणीतरी होती म्हणून. ते तू स्वतःच लिहिलंयस, पण मला ते तुला ओरडून सांगायचं होतं.

मग जानेवारीत, 'येऊ नकोस'चं कार्ड टाकल्यावर पाच-सहा दिवसांनी, तुझं पत्र घेऊन मी हॉस्पिटलात गेलो. त्या 'हं'वाल्याकडे नाही, मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे. म्हटलं यांना जाब विचारू आणि मग तुझा निकाल लावू. बाईंनी पत्र पूर्ण वाचलं. दोनदा वाचलं. मग कपाटातून तिची फाईल काढून माझ्यासमोर ठेवली आणि बोटाने दाखवलं. सात तारखेला, शुक्रवारीच, त्यांनी औषध बदललं होतं. ताप हटत नव्हता म्हणून, तुमच्या अहवालाची वाट न बघता. जे औषध तू बुधवारी लिहून पाठवलंस तेच. नळीही शनिवारी काढली होती. मला आठवलं, काढली होती, मी बाहेर बसलो होतो. बाई म्हणाल्या, "अहवाल शनिवारी आला असता तर आम्ही म्हणालो असतो, ठीक, बरोबर औषध चालू आहे. बस. तिच्या अंगात लढायला पांढरी पेशी एकसुद्धा उरली नव्हती. औषध मदत करतं हो, लढावं तिलाच लागतं." मग म्हणाल्या, "तुमच्या बहिणीला हे कळवा. तिला झोप लागत नसेल."

भिंगरे, हे मला जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कळलं.

आज एप्रिल संपत आला.

मी कळवलं नाही. रोज म्हणायचो, उद्या. आणि रोज आतून कुणीतरी म्हणायचं, राहू दे तिला जरा. भोगू दे. मला 'हं'ने चार महिने खाल्लं ना, मग तिलाही खाऊ दे. तुझं मार्चचं पत्र आलं, 'तू जेवतोस ना' वाचलं, आणि तरीही लिहिलं नाही. मला बरं वाटत होतं, हे तुझ्यापासून लपवत नाही. रात्री आडवा पडलो की वाटायचं, तीही जागी असेल, आणि मला झोप लागायची. असा माणूस मी असेन असं मला वाटलं नव्हतं. तू तीन दिवस काढलेस ते व्याख्यानाच्या नादात. मी तीन महिने काढले ते जाणूनबुजून. माझ्याकडे व्याख्यानसुद्धा नव्हतं.

तुझी चूक ती चूकच. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत त्या तीन दिवसांनी जीव गेला असता. शुक्रवारचा नमुना शुक्रवारी लावतेस ते योग्य करतेस, ते माझ्यासाठी म्हणून करू नकोस. पण तुझी वहिनी तुझ्या हातून गेली नाही, आणि माझ्याही नाही. ती तिच्याच अंगातल्या कशाने तरी गेली, आणि तिला वाचवायला म्हणून दिलेल्या औषधानेच त्याला दार उघडून दिलं. याचा राग कुणावर काढायचा ते मला सापडत नाही. तू सापडलीस, म्हणून तुझ्यावर काढला.

फ्रीझरमधल्या नळीचं. आधी लिहिणार होतो, जाळ. मग एकदा पीठ मळताना मनात आलं, तिच्या अंगात होतं आणि अजून जिवंत आहे असं जगात तेवढंच एक उरलंय. त्याने मला बरं वाटलं की किळस आली ते अजून सांगता येत नाही. तू ठरव. ठेवलंस तर त्याच्यावर चालेल असं औषध शोधा कुणीतरी. पण जे ठरवशील ते मला सांगू नकोस.

तुझा फोटो परत लावलाय. खिळा सैल झाला होता, दुसरा ठोकला.

आता ये. किती वाजताच्या गाडीने, कुठल्या दिवशी, काही कळवू नकोस. कळवलंस तर मी पुन्हा नको म्हणेन.

दादा